नव्या मुख्याध्यापकाच्या शेजारी बसायला कोणीतरी हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जूनच लावून टाकली होती, त्यामुळं ३१ मे ला एकदम कितीतरी शिक्षक रिटायर होतात. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीतरी नवीन मुख्याध्यापक. निरोप समारंभाचे फोटो पेपरात येतात, पण त्या नवीन माणसाचं पुढं काय होतं ह्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी १९८७ ला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागले, २००८ ला पर्यवेक्षिका झाले, २०१४ ला मुख्याध्यापिका आणि २०२१ ला रिटायर. आता गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या शाळांत जाऊन नवीन मुख्याध्यापकांबरोबर काम करते, ह्याला हल्ली स्कूल लीडरशिप कन्सल्टंट म्हणतात. मी ठरवून ह्यात आले नाही. रिटायर झाल्यावर ओळखीच्या एका संस्थेनं बोलावलं, की आमच्या हेडबाई नवीन आहेत, जरा बघा, आणि मग एकातून दुसरं निघत गेलं.

मला स्वतःला २०१४ ला काय मिळालं सांगते. किल्ल्यांचा जुडगा, शिक्का, चेकबुक आणि लॉगबुक. पहिल्याच आठवड्यात शालार्थ ह्या सरकारी ऑनलाइन पगार प्रणालीवर पगारबिल, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा, संचमान्यतेची (पटावरच्या मुलांप्रमाणं मंजूर होणाऱ्या शिक्षकांच्या पदांची) माहिती आणि दहावीच्या जादा तासांवरून दोन शिक्षकांचं भांडण, सगळं एकदम टेबलावर. २७ वर्षं गणित शिकवलं होतं पण भांडण ऐकून घेताना गप्प कधी बसायचं आणि बोलायचं कधी हे मला कोणी शिकवलं नव्हतं. काल ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये डबा खाल्ला त्यांनाच आज रजा नाही म्हणून सांगायचं. मी घरी येऊन रडलेली आहे.

खाजगी माध्यमिक शाळांसाठी १९८१ ची नियमावली आहे, त्यात मुख्याध्यापक व्हायला पदवी, बीएड, एकूण पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, त्यातली दोन वर्षं तरी बीएडनंतरची, आणि मग सेवाज्येष्ठता. ज्येष्ठता बघण्याला माझा विरोध नाही, त्यानं निदान वशिल्याला तरी आळा बसतो. पण ज्येष्ठ झाला म्हणजे शाळा चालवता आली असं होत नाही ना. काही सोयी आहेत. मी पर्यवेक्षिका असताना मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली, रविवार रविवार संपर्क सत्राला जाऊन, आणि कायदा, हिशोब, दप्तर ह्यासाठी ती फार उपयोगी पडली. आपल्या जिल्ह्याचं डाएट, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्ह्याची सरकारी संस्था, वेळापूरला आहे. दिल्लीच्या नीपा ह्या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं वेगळं केंद्र आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनीही वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहिलंय. चांगलंच आहे, पण माझ्या पाहण्यात हे तास बहुतेक मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात जातात, आणि व्हिडिओ काही तुमच्या शाळेत येऊन बसत नाही.

आता काम म्हणजे नेमकं काय ते एका उदाहरणावरून सांगते. पूर्व भागातल्याच एका शाळेतले नवीन हेडसर म्हणाले, मॅडम पालक सभेला कोणच येत नाही, पालकांना मुलांचं काही पडलेलंच नाही. मी विचारलं सभा किती वाजता ठेवता, तर सकाळी अकराला. अहो, तिथल्या निम्म्या आया विड्या वळणाऱ्या, सकाळी तयार विड्या कारखान्यात द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, त्या अकराला कशा येणार? वडील यंत्रमागावर. शिवाय सभेची नोटीस चांगल्या छापील मराठीत आणि घरात सगळे तेलुगू बोलणारे. सरांनी सभा संध्याकाळी सहाला घेतली, मुलांना घरी तोंडी निरोप द्यायला सांगितला आणि बोलायला एका तेलुगू येणाऱ्या बाईंना उभं केलं. सगळे आले असं नाही, पण सतरंज्या कमी पडल्या. मी त्यांना काहीच शिकवलं नाही, फक्त वेळ विचारली.

दुसरी शाळा अक्कलकोट तालुक्यातली, घरी कन्नड आणि शाळेत मराठी. तिथं हेडबाईंना स्मार्ट बोर्डासाठी देणगी मिळवायची होती. आम्ही दोघी तिसरीच्या वर्गात मागं वीस मिनिटं बसलो, बाई धडा वाचत होत्या आणि मुलं एका सुरात म्हणत होती, पण एका मुलीला मी जवळ घेऊन शब्दावर बोट ठेवून विचारलं तर तिला अक्षर ओळखता येईना. हेडबाई एकदम गप्प झाल्या. पद मिळाल्यापासून ऑफिसच्या कामात त्या कुठल्याच वर्गात अशा बसल्याच नव्हत्या. बोर्डाचा विषय त्या दिवशी बाजूला राहिला, आम्ही त्यांचं स्वतःचं टाइमटेबल केलं, रोज दोन तास वर्गात, त्या वेळात क्लार्कनं बोलवायचं नाही.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी संस्थेला सांगते. मानधन तुम्ही देता, पण मुख्याध्यापक माझ्याशी जे बोलतील ते तुमच्यापर्यंत येणार नाही. एका संस्थेच्या अध्यक्षांनी चहाच्या वेळेला हळूच विचारलं, मॅडम खरं सांगा, आमच्या बाई पेलतील का? मी उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं नाही. चालेल. एकदा का हेडला वाटलं की ही बाई वर सांगणार, की मग तो तुम्हाला फक्त सजवलेले फलक दाखवतो.

तरुण शिक्षक मला विचारतात की ह्यात करिअर आहे का, कोणता कोर्स करू. मी म्हणते कोर्स नंतर, आधी शाळेचं टाइमटेबल एकदा स्वतः बसवून बघा, दहावीच्या केंद्रावर काम करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहा, ऑडिटला सामोरे जा. चार-पाच वर्षं शिकवून एकदम कन्सल्टंट होऊन पीपीटी घेऊन फिरणारे लोक मी बघितलेत, पॅकेज लाखाच्या घरात आणि हजेरीपट कसा असतो माहिती नाही. ह्याची मला चीड येते, कारण त्या पैशात शाळेला दोन वर्षांची पुस्तकं येतात.

सोलापूरला चांगले शिक्षक कमी नाहीत. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांची मान उंचावली होती. पण चांगला शिक्षक उद्या खुर्चीत बसला की तिथं तो एकटा पडतो, आणि दुसरीकडं ३१ मे ला घरी बसलेली, हे सगळं भोगलेली माणसं सकाळी फिरून येऊन पेपर वाचत बसलेली असतात.

माझी मागणी साधी आहे. झेडपीचा शिक्षण विभाग आणि खाजगी संस्थांनी मिळून तालुकावार अशा निवृत्त मुख्याध्यापकांची यादी करावी, आपल्या अकराही तालुक्यांत. प्रत्येक नवीन मुख्याध्यापकाला पहिलं वर्षभर त्यातला एक माणूस द्यावा, महिन्यातून दोन दिवस, तपासणीला नाही, शेरेबुक न लिहिता. प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळावं, फुकट काम कोणी फार दिवस करत नाही. यादीत घेताना त्या माणसाच्या जुन्या शिक्षकांना विचारावं, प्रमाणपत्रं नंतर बघावीत. कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाचे लोक त्यात हवेतच.

हे जून उजाडायच्या आत झालं तर बरं. मी महिन्यातले चार दिवस देऊ शकते, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर मला चालेल, एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर