व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातल्या, डोंग बा बाजारात खाण्याचा गाळा असलेल्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल असंही नाही. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

व्हिएतनामला निघताना टूरवाल्यांनी छातीठोक सांगितलं होतं, "जेवण शंभर टक्के व्हेज." पहिल्याच जेवणात सूपमध्ये कोळंबी! वर मखलाशी, "बाजूला काढा हो आजी, फिश सॉस तर इथे सगळ्यातच असतो." आई माळकरी. कुणाची सहल बिघडू नये म्हणून ती कोरडा भात आणि केळी खात राहिली. मराठी बोलणाऱ्या माणसांना जे उमगलं नाही, ते तुम्ही तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे नुसतं बघून ओळखलंत.

मासळीच्या सॉसची बाटली तुम्ही तिच्या नाकाशी धरलीत, जोरजोरात मान हलवलीत आणि बाटली बाकाखाली ठेवून दिलीत. मग सोया सॉसची नवी बाटली तिच्यादेखत उघडून झाकणात चार थेंब ओतलेत. आईने वास घेतला, चाटून पाहिलं, पुन्हा वास घेतला. (आमची आई आहे ती, सहजासहजी पटत नाही!) मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तिने मान डोलावेपर्यंत तुम्ही डावाला हात लावला नाहीत.

मग केळीच्या पानातले ते 'बान बोत लोक' आले. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच्याच पिठाचं काचेसारखं आवरण, आत मूगडाळ आणि अळंबी. आईने पानाला चिकटलेलंसुद्धा बोटाने निपटून खाल्लं. तुमच्याकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी घरांत शाकाहार पाळतात, हे नंतर कळलं. म्हणजे पाळणाऱ्याची अडचण तुम्हाला नवी नव्हती. पण ती आमच्या टूरवाल्यांनाही नवी नव्हती की! माणुसकीला भाषा लागत नाही म्हणतात. मला वाटतं, थोडा वेळ मात्र लागतो, आणि तो द्यायची तयारी.

न्गुयेन राजांचा वाडाही पाहिला. 1802 ते 1945 इथून राज्य चाललं, व्हिएतनाम युद्धातल्या 1968च्या लढाईत त्यातलं बरंच पडलं. कुणी ह्वेचं विचारलं की आई मात्र बाटलीचीच गोष्ट सांगते.

भाचा लवकरच तुमच्या ह्वेजवळच्या दनांगला निघालाय. तुमच्या गाळ्याचा फोटो त्याला दिलाय आणि आईने तिळाच्या वड्या बांधल्यात. जपून खा, पाक जरा कडक झालाय.