विनूच्या फिट्स आणि मधले दोन दिवस

नाशिक,
रविवार

प्रिय मंदार,

काल फोनवर "विनू हातचा गेला रे" म्हणालास, तेव्हापासून जिवाला चैन नाही. त्यात काकूंचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून जास्त बोलता आलं नाही. आता सविस्तर लिहितो.

काय झालं ते क्रमाने बघ. सोमवारी लागोपाठ फिट्स आल्या. मंगळवार-बुधवार विनू अगदी चांगला होता, पोटभर जेवला, पुतणीशी कॅरम खेळला. गुरुवारपासून झोप उडाली आणि शेजारी पाण्यात विष कालवतात म्हणायला लागला. मधल्या त्या चांगल्या दोन दिवसांमुळेच कुणी फिट्सशी संबंध जोडत नाही आणि बाहेरची बाधा म्हणून देवऋषी शोधायला लागतात. माझ्या ताईचंही असंच झालं होतं. टीव्हीवर बातम्या देणारी बाई आपलं नाव घेते म्हणून ती टीव्हीची वायर काढून पदराखाली धरून बसायची. कुणी हात लावला की अंगावर धावायची.

डॉक्टर याला फिटनंतरचा सायकोसिस म्हणतात. लॉग्सडेल आणि टून या डॉक्टरांनी 1988 मध्येच तो कसा ओळखायचा ते लिहून ठेवलंय: फिट्सनंतर माणूस ताळ्यावर येतो आणि आठवडाभराच्या आत भास, संशय सुरू होतात. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा टेम्पोरल लोब असतो, तिथून उठणाऱ्या फिट्समध्ये हे जास्त दिसतं. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बहुतेकांचं निवळतं. ताईचंही निवळलं. पण तोवर माणूस स्वतःच्या जिवावर उठू शकतो, म्हणून विनूला एकटं सोडू नका आणि गच्चीला कुलूप घाला.

अण्णा फिटच्या गोळ्या बंद करायच्या म्हणतात, ते मात्र कृपा करून होऊ देऊ नकोस. लेव्हेटिरासिटामसारख्या काही गोळ्यांनी चिडचिड वाढते, क्वचित भासही होतात, हे खरं. पण गोळ्या एकदम थांबवल्या तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. काय बदलायचं ते डॉक्टरांना ठरवू दे.

उद्याच त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे ने. मानसोपचारतज्ज्ञही लागतील, त्यांना फिट्सचं आधी सांग, कारण क्लोझापिनसारख्या काही औषधांनी फिट्स वाढतात. सोमवारच्या फिट्सची वेळ, झोप कधी उडाली, बडबड कधी सुरू झाली, सगळं कागदावर लिहून ने. ताईच्या वेळी डॉक्टरांनी निदान केलं ते आईच्या कालनिर्णयवरच्या खुणा बघून. पुढेही फिट्सनंतर झोप उडाली की लगेच फोन करा, असं त्यांनी बजावलं होतं.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलतात. पण तो हाताबाहेर जातोय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणि काकूंना सांग, नवस चुकला म्हणून हे झालेलं नाही. त्यांनी या पोरासाठी काय कमी केलंय? शनिवारी मी येतोच, दोन दिवस राहीन. तू जरा झोप.

तुझा,
सतीश