आंबा घाटातल्या त्या तिघांना

गेल्या रविवारी साखरप्याहून वर चढताना आमच्या वीस वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीचा तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि खाली हिरवं पाणी ठिबकू लागलं. मी घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी "हात लावू नका!" म्हणून ओरडून थांबवलं. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, तोंडच भाजलं असतं.

अर्धा-पाऊण तास इंजिन निवू दिलं. गळती रेडिएटरच्या वरच्या होजची, म्हणजे रबरी पाईपची निघाली, क्लिपपाशी रबर चिरलं होतं. क्लीनर पोराने चिरलेलं टोक ब्लेडने कापलं, पाईप पुन्हा चढवून क्लिप आवळली. दुचाकीवरच्या एका ताईंनी पाण्याचे दोन कॅन आणून दिले. काकांचा शेवटचा सल्ला: "हीटर फुल्ल ठेवा, इंजिनाची गरमी आत येईल." भर मे महिन्यात! घामाघूम झालो, पण काटा मध्यावर राहिला.

कोल्हापुरात होज बदलला, साधं पाणी काढून कूलंट भरलं. पैसे तिघांनीही घेतले नाहीत, नावं विचारायची मात्र राहून गेली. मनापासून आभार. काका, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्याच डिकीत राहिलाय.