हेड खोलण्याआधी

चि. मेघास,
कराडहून बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. ते आता उकरत नाही. तू विचारलंस फार्मवरच्या त्या क्वाड बाइकचं, चार चाकांच्या गाडीचं, आणि मी लागलो टेकडीच्या उताराचं बोलायला. म्हणून आज नुसतं इंजिनाचं लिहितो.

सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा भरभर फिरतं, दोरी ओढताना हाताला अडत नाही, चढावर दम जातो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलंय हा तुझा अंदाज बरोबर. पण फार्मचा मालक म्हणाला ‘पिस्टनची रिंग गेली’ म्हणून लगेच हेड, सिलिंडरवरचं झाकण, उचलू नकोस. गॅरेजात नवा पोरगा आला की त्याला पहिली हौस हेड खोलायची. तू त्यातली नाहीस, मला ठाऊक आहे.

आधी प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन गेज नीट लाव. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज. काढलेला प्लग कॅपसकट इंजिनाला टेकवून ठेव, नाहीतर सीडीआयला, ठिणगी देणाऱ्या डबीला, धोका. आणि थ्रॉटल पूर्ण दाबून धर. तो तुमच्या गाडीला अंगठ्याचा असतो, सेल्फ मारताना माणूस विसरतो. मग हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिनसुद्धा मेलेलं दाखवतं. काटा चढायचा थांबेपर्यंत फिरव. तुला 60 पीएसआय मिळाले, पण कॅमवर डीकॉम्प्रेसर असेल तर तो सेल्फच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, आकडा कमीच येतो. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघ, दुसऱ्या गाडीचा आकडा धरू नकोस.

आकडा खरंच कमी असेल तर टॅपेट बघ, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला म्हणजे अगदी वर, मग फट मोजायला फिलर गेज. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, फट संपते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. सैल टॅपेट वाजतं तरी. घट्ट टॅपेट गप्प असतं, म्हणून लोक ‘इंजिन किती शांत आहे’ म्हणत त्याची वाट लावतात. फट बरोबर करून परत गेज लाव. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

नाही संपलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड, जास्त नको, आणि पुन्हा मोज. काटा चांगला वर गेला तर रिंगा नाहीतर सिलिंडरचा बोअर झिजलाय. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं गॅस्केट. तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहे म्हणालीस, तर टीडीसीला हवा सोडून ऐक. सायलेन्सरातून फुस्स झालं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आलं तर इनलेट, ऑइलच्या तोंडातून आलं तर रिंगा. गाडी न्यूट्रलला ठेव. हवेच्या जोराने क्रँक फिरतो, तिथे हात नको. रिंगा निघाल्या तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघ. गेलेल्या फिल्टरने धूळ ओढली असेल तर नवी रिंगसुद्धा टिकायची नाही.

आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्यावरून टेकडीवर जाऊ नकोस. लिहायचं नाही ठरवलं होतं, पण हे इंजिनाचंच आहे. हवा न धरणारं इंजिन उतारावर गाडीही नीट धरत नाही. चढावर मध्येच बंद पडलं तर गाडी मागे येते, आणि चार चाकांची ती गाडी मागे उलटली की माणूस खाली असतो. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाची नवी क्वाड बाइक चिरडण्यापासून वाचवणाऱ्या कमानीशिवाय विकता येत नाही, हे मी वाचलंय. तुमची त्याच्या आधीची. कमान नंतरही बसवता येते. मालकाला विचारलंस का?

बघ, पुन्हा तेच. लेक्चर झालं, माफ कर.

तू शाळेत असताना मामाच्या गाडीच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून बसायचीस आणि मी किक मारायचो. अंगठा उडाला की ओरडायचीस, ‘बाबा, हिच्यात जीव आहे!’ आजी म्हणायची, पोरीच्या हाताला ग्रीस लागलं तर स्थळं कोण आणणार. मामा तुझ्याच बाजूने भांडायचा. आता तिकडे ऑस्ट्रेलियात गिप्सलँडमध्ये लोकांच्या गाई दूध देतात त्या तुझ्या भरवशावर, आणि मालक गाडीचंही तुलाच विचारतो. हे मी नाक्यावर दहा जणांना सांगतो. तुला सांगत नाही, डोक्यात जायचं.

पहाटे अंधारात एकटीच गाई आणायला जातेस ना? हेल्मेट घालतेस? गवत ओलं असेल तर जा चालत. गाईंना घाई नसते.

आईचा गुडघा तसाच आहे, ती विचारलं की ‘बरा’ म्हणते. तिला गाडीचं काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. टॅपेटची दोन्ही मापं, तेल घालायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा पाठव. फोटो नको, त्यात गेजचा काटा दिसत नाही. आणि कमानीचं काय ठरलं तेही त्याच मेसेजात लिही.

तुझे,
बाबा