शिष्यवृत्ती देणाऱ्या अभियंत्यांना, चोडणहून

आदरणीय सर, मॅडम आणि संस्थेतील सर्व अभियंते,

सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्तीचा धनादेश घेताना मी तुमचे आभार मानले होते, पण व्यासपीठावर उभं राहून दोन वाक्यांत काय सांगता येणार? आता पदवी हातात आहे, नोकरीही लागली आहे. तुम्ही नेमकं काय दिलंत ते आज मला नीट कळतं, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची आणि संस्थेची नावं कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळते. पत्र मात्र उघड लिहिते. अशा मदती ओळखीपाळखीने मिळतात असं समजून अर्जच न करणारी मुलं गोव्यातल्या आमच्या चोडणला अजून आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंत हे पोचावं असं मला वाटतं. आमची तुमच्याकडे कुणाचीही ओळख नव्हती. नोटीस बोर्डावरचा कागद वाचून मी अर्ज केला होता.

माझे बाबा बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटीवर, खलाशी होते. मांडवीकाठच्या जेटीवर लोहखनिज भरायचं आणि मुरगाव बंदरात नेऊन उतरवायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मधे काही काळ काम सुरू झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं थांबलं. माझी दहावीची परीक्षा तेव्हा तोंडावर आली होती. खाणबंदीचा विषय निघाला की लोकांना ट्रकवाले आठवतात, बार्जवरची माणसं फारशी कुणाला आठवत नाहीत. बाबा त्यानंतर मिळेल ते काम करू लागले: कुणाच्या शेतात, कुणाच्या बांधावर चिखल घालायला. आई शिवणकाम करते. घर चाललं, पण त्या पैशांत लॅपटॉप बसत नव्हता.

जीसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर मला फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलला प्रवेश मिळाला. फीसाठी सरकारचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज घेतलं. ही योजना खरोखर उपयोगाची आहे आणि वाचणाऱ्या पालकांनी तिची चौकशी जरूर करावी. पण फी भरली म्हणजे शिक्षणाचा खर्च संपला असं होत नाही. ड्राफ्टर, जर्नलं, प्रिंट, सर्व्हे कॅम्प, परीक्षेच्या दिवसांत बाहेर जेवणं हे सगळं असतंच. पहिलं वर्ष करोनाचं, त्यामुळे तासही मोबाइलवर आणि ड्रॉइंगही मोबाइलवर. कॉलेज उघडल्यावर सकाळी फेरीबोटीने रायबंदर आणि तिथून बसने जुनं गोवं, बाणस्तारी, म्हार्दोळ करत फर्मागुढी. प्रवासाचा त्रास वाटला नाही. संगणकावरचं काम मैत्रिणीचा लॅपटॉप मोकळा होईपर्यंत थांबून करावं लागायचं, त्याचा मात्र व्हायचा.

तुमच्या मुलाखतीला बाबा माझ्याबरोबर आले होते आणि बाहेरच्या बाकावर बसून होते. त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी मदतीसाठी गेले होते, तिथे आमच्या घरची परिस्थिती पुन्हा पुन्हा सांगावी लागली होती. त्यामुळे तुमच्याकडे येतानाही मी तेच सांगायची तयारी करून आले होते. तुम्ही उत्पन्नाचा दाखला पाहिलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "वडील काय करायचे?" मी बार्ज म्हटल्यावर सर उठले, दार उघडून बाबांना आत बोलावलं आणि माझ्या शेजारी खुर्ची दिली.

मग माझी मुलाखत राहिली बाजूला. सरांनी बाबांना विचारलं, बार्जवर किती टन माल चढला हे कसं कळायचं? बाबांनी सांगितलं की बार्जच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात, ती पाण्यात किती बसली ते वाचायचं आणि त्यावरून तक्त्यात वजन बघायचं. पुढची, मागची, दोन्ही बाजूंची खूण वाचायची, कारण माल एकीकडे जास्त पडला तर बार्ज कलते. सरांनी विचारलं, पावसाळ्यात मांडवीच्या मुखावर आग्वादपाशी वाळूचा पट्टा आणि खवळलेला दर्या, मग बंदरात कसे जायचात? बाबा म्हणाले, कुंभारजुवे कालव्यातून झुवारी नदीत उतरायचो, पण तिथे भरतीची वेळ साधावी लागते. भरती किती वाजता, कुठल्या वळणावर गाळ, कुठे वेग कमी करायचा, बाबा सांगत गेले. २०१८ नंतर बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

शेवटी सर मला म्हणाले, "तुझ्या घरातच हायड्रॉलिक्स आहे. आता दोन पानं लिहून आण. गावातलं कुठलंही एक बांधकाम घे. ते चालतं कसं आणि चालवतं कोण, एवढंच लिही." हे काम तुम्ही शिष्यवृत्तीच्या प्रत्येक मुलाला देता हे मला नंतर कळलं. माझ्या बरोबरच्या सांग्याच्या मुलीने साळावली धरणाच्या डकबिल, म्हणजे बदकाच्या चोचीच्या आकाराच्या, सांडव्यावर लिहिलं. एकाने ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर, एकाने पणजी ते रायबंदरच्या पोर्तुगीजकालीन पुलावर, ज्यावरून सतराव्या शतकापासून वाहतूक चालू आहे. मी आमच्या खाजनातली, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीतली, मानस निवडली.

मानस मी लहानपणापासून पाहिली होती. बांधात बसवलेली दगडी चौकट आणि तिला लाकडी दारं. भरतीचं खारं पाणी बाहेरून चढलं की त्याच पाण्याच्या रेट्याने दारं चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलून वाट काढतं. मोटर नाही आणि दर भरतीला कुणी येऊन दार लावायचीही गरज नाही. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गोव्यातली गावं याच पद्धतीने खाडीच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकवत आली. पाण्याचा दाब खोलीबरोबर कसा वाढतो हे दाखवणारा दाबाचा त्रिकोण मी पुस्तकात शिकले होते, पण या दारावर तो कधी मांडून पाहिला नव्हता. बाबांबरोबर उधाणाच्या दिवशी बांधावर बसून पाण्याची उंची मोजली आणि गणित केलं. एक मीटर रुंद दारावर बाहेरून एक मीटर पाणी असेल तर साधारण पाचशे किलो वजनाइतकं बळ येतं. पाणी दोन मीटर झालं तर बळ दुप्पट होत नाही, चौपट होतं, म्हणजे दोन टन. आमच्या गावच्या सुतारांनी कुठलंही कोष्टक न बघता जाड फळ्या का वापरल्या, खालच्या बाजूला जास्त मजबुती का ठेवली, ते मला त्या दिवशी बांधावर उमगलं.

ती दोन पानं तुम्ही परत पाठवलीत तेव्हा समासात प्रश्न होते. फळी कुजली तर बदलायची कुणी? पैसे कुठून येतात? दार उघडं राहिलं तर नुकसान कुणाचं? उत्तरं कुठल्याच पुस्तकात नव्हती, म्हणून मी गावात फिरले. मानशीजवळच्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हावी अशी रीत आहे हे वयस्कर कुळांनी सांगितलं. काही ठिकाणी कोळंबी जास्त मिळावी म्हणून भरतीला दारं मुद्दाम उघडी ठेवतात, खारं पाणी शेतात भरतं आणि मग खारटपणा सोसणारं कोरगूट जातीचं भातसुद्धा तिथे येत नाही, हेही कळलं. बांध एकदा फुटला की एका पावसात जमीन गोडी होत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात देखभाल या विषयाला जेवढी जागा मिळाली, त्यापेक्षा जास्त मी तुमच्या त्या तीन प्रश्नांतून शिकले. माझं तर आता ठाम मत झालंय: गोव्यात सिव्हिल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने उंच पुलांचे फोटो काढायच्या आधी एकदा मानस पाहायला हवी.

शिष्यवृत्ती तुम्ही १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी दिलीत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून कार्यक्रम सुरू होतो हे सगळीकडेच असतं. तुमच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं. लहानपणी वडील गेलेला हा मुलगा शिकवण्या करून बंगळूरला शिकला आणि पुढे म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याला अभियांत्रिकीसाठी आला. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले, पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की आपोआप उघडणारे. ते ऐकताना मला आमची मानस आठवली आणि मी शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. त्यांनाही तीच आठवली होती.

पैशांचंही सांगायला हवं, कारण ते मिळाले नसते तर बाकीचं घडलंच नसतं. त्यातून जुना पण चांगला लॅपटॉप घेतला, सर्व्हे कॅम्पचा खर्च निघाला, आणि संध्याकाळी मी ज्या शिकवण्या घेत होते त्या शेवटच्या वर्षी बंद करता आल्या. प्रकल्पासाठी मिळालेला तो वेळ माझ्या निकालात दिसला.

मॅडम, तुम्ही कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन जे सांगितलंत त्याचे आभार वेगळे मानते. "साइटवर पहिल्याच दिवशी विचार, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? लाजू नकोस. नसेल तर लेखी माग. आणि बूट स्वतःच्या मापाचे घे, पुरुषांचे ढगळे बूट घालून स्लॅबवर चढू नकोस." हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलंही नसतं. मी आज ज्या साइटवर काम करते तिथे स्वच्छतागृह मी मागितल्यावर आलं. आता तिथे खडी-वाळू वाहणाऱ्या बायकाही ते वापरतात. त्या आधी कुठे जात होत्या हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

माझं काम सध्या मुख्यतः काँक्रीटच्या दर्जाचं आहे. स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती घट्ट आहे ते, बघायचा, दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरायचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी त्यांच्या ताकदीचे निकाल नोंदवायचे. पाणी जास्त घालून काँक्रीट पातळ करायची घाई साइटवर रोज असते. अशा वेळी "नाही" म्हणायला लागतं आणि ते मी म्हणते. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसांसमोर ठामपणे उभं राहायचं बळ थोडं तुमच्या त्या खोलीतून आलं आहे. तिथे राज्यातल्या मोठमोठ्या कामांवर आयुष्य घालवलेली माणसं एका खलाशाला सर्वांसमोर प्रश्न विचारत होती आणि त्याची उत्तरं लिहून घेत होती.

तुम्ही पैसे परत मागितले नाहीत. "जमेल तेव्हा नव्या मुलांची टिपणं वाचायला ये," एवढंच म्हणालात. आता जमतं. या वर्षीची टिपणं आली की सिव्हिलची माझ्याकडे पाठवा, मी समासात प्रश्न लिहून वेळेत परत करीन. पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम निधीत जमा करायलाही सुरुवात केली आहे.

एक विनंती आहे, आणि ती आभाराच्या पत्रात करते म्हणून राग मानू नका. शिष्यवृत्ती सध्या फक्त पदवीच्या मुलांना आहे. मयेच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमा करणारी कितीतरी मुलं डिचोली-सत्तरीतल्या खाणपट्ट्यातली आहेत. यंत्र दुरुस्त करणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या, बार्जवर राबलेल्या घरांतली. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो हे त्यांना माहीत असतं, पण त्याआधीच नोकरीची घाई होते. दोन जागा त्यांच्यासाठी ठेवता आल्या तर एका जागेच्या खर्चातला जमेल तेवढा वाटा मी उचलीन, आणि माझ्या वर्षाच्या आणखी दोघांनी होकार दिला आहे.

बाबांनी निरोप दिलाय की यंदाच्या मुलांपैकी कुणाला मानस पाहायची असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास यावं, रायबंदरहून फेरीबोट पकडावी, धक्क्यावर ते घ्यायला येतील. पावसात बांध निसरडा असतो, तेव्हा चांगले बूट घालून या.

तुमची,
चोडणची एक शिष्यवृत्तीधारक, आता स्थापत्य अभियंता