डॉलरला ९० नं गुणलं म्हणून परभणीचा भाव निघत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात सोनी कंपनीच्या येणाऱ्या नवीन प्लेस्टेशनची (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, त्यालाच कन्सोल म्हणतात) बातमी होती. किंमत ५०० डॉलर म्हणजे आपल्याकडं ४५ हजाराला पडणार, रॅम ३० जीबी, डिस्क लावायची सोय असेल किंवा नसेल, असं बरंच काही. सोमवारी सकाळी शटर वर केलं तर दोन पोरं ते पान हातात घेऊनच उभी. दादा ४५ मध्ये येतंय म्हणे, मग आता जुनं कशाला घ्यायचं. माझं परभणीत छोटं गेम पार्लर आहे, तीन टीव्ही, तीन कन्सोल, तासाला ६० रुपये, २०१७ ला एका पीएस४ वर (म्हणजे प्लेस्टेशन ४) सुरू केलं होतं. त्या सोमवारपासून रोज कुणी ना कुणी हेच विचारायलंय, अन् प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं कारण आमच्याकडं पेपरात आलं म्हणजे ते खरं, मोबाईलवरचं लोक सोडून देतात, पेपरातलं नाही.

पहिली गोष्ट, सोनीनं या मशीनची किंमत, तारीख, रॅम, नाव काहीच जाहीर केलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्क सर्नी (पीएस४ आणि पीएस५ चं डिझाईन ज्यांनी केलं ते) आणि चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक हुइन यांनी मिळून एक व्हिडिओ काढला, त्यात तीन गोष्टी सांगितल्या. प्रकाशाचे किरण कुठून कुठं जातात ते मोजायला चिपमध्ये वेगळा भाग असणार, त्याला ते रेडियन्स कोअर म्हणतात. दुसरं, चिपमधले छोटे छोटे भाग एकत्र जोडून चित्र मोठं आणि स्वच्छ करायचं एआयचं काम करणार, ते न्यूरल अ‍ॅरे. आणि तिसरं, मेमरीतून जो डेटा ये-जा करतो तो सगळा दाबून पाठवायचा. हे सगळं चांगलंच आहे, मी दोनदा बघितला तो व्हिडिओ. पण सर्नी यांनी त्यातच सांगितलंय की हे अजून फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नमुन्यात आहे आणि कन्सोलमध्ये यायला काही वर्षं लागतील. म्हणजे जी चिप तेव्हा हातात धरता येत नव्हती तिच्या मशीनची रुपयातली किंमत आमच्या पोरांना पाठ झाली. बाकी ते ३० जीबी वगैरे कुणीतरी कुठून फुटलेली माहिती म्हणून सांगितलेलं असतं, त्यातलं काही खरं निघेलही, मी सगळं खोटं म्हणत नाही. पण तसं लिहा ना मग, अंदाज आहे म्हणून, हेडिंगमध्येच.

आता त्या ४५ हजाराचं. ५०० गुणिले ९०, एवढाच हिशोब आहे तो. पीएस४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आला तेव्हा डॉलर ६२ च्या आसपास होता, म्हणजे पावणेपंचवीस हजार व्हायला पाहिजे होते, आपल्याकडं आला ३९,९९० ला. पीएस५ ४९९ डॉलर, तेव्हा डॉलर ७३, म्हणजे साडेछत्तीस हजार धरा, आला ४९,९९० ला. मधला फरक कुठून येतो तर मशीन बाहेरून येतं, त्याच्यावर कस्टम ड्युटी, जी २०१८ च्या बजेटमध्ये १० टक्क्यांवरून २० टक्के केली, त्या ड्युटीवर परत १० टक्के सरचार्ज, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटी आधी २८ होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ केला, तेवढंच बरं झालं. तुमचे ४५ हजार घ्या, त्याच्यावर २२ टक्के लावा, मग १८ लावा, ६५ हजाराच्या जवळ जातं. आता कंपनी दुकानातल्या किमतीवर ड्युटी भरत नाही, आयातीच्या किमतीवर भरते, आणि खाली डीलरचं मार्जिन वेगळं, त्यामुळं आकडा तंतोतंत येणार नाही. पण हाच हिशोब मी पीएस५ ला लावून बघितला तर ५२ हजार आले, खरी किंमत ४९,९९०, म्हणजे नुसत्या गुणाकारापेक्षा हा खऱ्याच्या लई जवळ आहे. तुमच्या बातमीदारांनी एवढं केलं असतं तरी पोरांचा २० हजाराचा गैरसमज झाला नसता.

आणि २० हजार म्हणजे काय हे आमच्या भागात सांगायला लागतं का साहेब. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ५,३२८ रुपये क्विंटल होता, तो पण प्रत्येकाला मिळतो असं नाही. २० हजार म्हणजे जवळजवळ चार क्विंटल सोयाबीन. सप्टेंबर २०२५ च्या पाण्यात मराठवाड्यात कितीतरी जणांचं पीकच वाहून गेलं, त्याच घरातली पोरं माझ्याकडं येतात, कुणी मोंढ्यात हमाली करून, कुणी कॉलेज करून मोबाईल दुकानात बसून पैसे साठवायलेत. ती पोरं पेपरातला आकडा धरून महिन्याचं गणित मांडतात.

दुसरं म्हणजे मशीन आपल्याकडं येणार का, आलं तर कधी, हे कुणी लिहितच नाही. पीएस५ बाहेर नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि बुकिंग उघडलं तर काही मिनिटात संपलं. निन्टेंडो या दुसऱ्या कंपनीचा स्विच नावाचा कन्सोल तर कंपनीनं इथं कधी विकायलाच आणला नाही, जो मिळतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटीचा पत्ता नाही. आणि पीएस५ प्रो (पीएस५ चंच जास्त ताकदीचं मॉडेल) चं तर आमच्या डोळ्यासमोर झालं. २०२४ मध्ये कितीतरी महिने त्याच्याही अशाच बातम्या चालू होत्या, एवढ्या टेराफ्लॉपचा (चिपच्या ताकदीचं माप), तेवढ्या किमतीचा. आमच्या पार्लरला येणाऱ्या जिंतूर रोडच्या एका पोरानं स्वतःचा पीएस४ नऊ हजाराला विकून टाकला आणि मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराकडं पाच हजार अ‍ॅडव्हान्स देऊन आला, प्रो येणार म्हणून. सप्टेंबरमध्ये सोनीनं ७०० डॉलर किंमत जाहीर केली आणि मग सांगितलं की भारतात विकणार नाही, कारण त्याच्या वायफायला ६ गिगाहर्ट्झचा बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) लागतो अन् तो आपल्याकडं तेव्हा मोकळा नव्हता. सरकारनं त्या बँडचा खालचा भाग मोकळा करायचा मसुदा काढला तो मे २०२५ मध्ये. पोराचे पाच हजार परत मिळायला चार महिने गेले, रोज फोन करायचा बिचारा, आणि पीएस४ गेला तो गेलाच. कुठल्याही अंदाजाच्या बातमीत वायफायचा बँड कुणी लिहिला नव्हता, आणि आमच्यासाठी तेच सगळ्यात मोठं निघालं.

काही जण म्हणतात थांबा, वर्षभरानं स्वस्त होईल. आधी व्हायचं तसं. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००९ मध्ये ९९ ला मिळत होता. पीएस५ चं उलटं झालं, आपल्याकडं नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० चा ५४,९९० केला, अमेरिकेत पण ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरनं वाढवला. आता तर एआयच्या डेटा सेंटरमुळं मेमरी चिपच महाग झाल्यात, मायक्रॉन कंपनीनं डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा रॅमचा ब्रँड बंद करतो म्हणून सांगून टाकलं. अशा वेळी रॅम वाढून ३० जीबी होणार आणि किंमत मात्र ५०० डॉलरच राहणार, या दोन ओळी एकाच बातमीत कशा बसतात?

पण मला खरं लिहायचं होतं ते डिस्कचं, कारण बातमीत त्याला अर्धी ओळ दिलीय आणि आमचं सगळं त्याच्यावरच आहे. नवीन गेमची डिस्क चार-पाच हजाराची. एक पोरगा घेतो, खेळून झाली की दुसऱ्याला देतो, ती परभणीतून पूर्णेला जाते, तिथून नांदेडला, सहा महिन्यांनी माझ्याकडं अर्ध्या भावात येते, मी ती पार्लरला लावतो, माझ्याकडून परत कुणीतरी नेतो. एका डिस्कवर आठ-दहा जणांचं खेळून होतं. डाऊनलोड केलेली गेम ना विकता येते ना शेजारच्याला देता येते. आणि डाऊनलोड म्हणजे तरी काय, मोठी गेम १०० जीबीच्या आसपास असते, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ती उतरवायला दोन महिन्यांच्या वर लागतात. ज्यांच्याकडं ४० एमबीपीएसचं फायबर आहे त्यांना पण साडेपाच तास, तेही लाईट आणि नेट दोन्ही टिकलं तर. पीएस५ प्रो ला डिस्क ड्राईव्ह (डिस्क घालायचा भाग) नाहीच, वेगळा विकत घ्यायचा. पीएस५ च्या स्लिम या लहान मॉडेलचा ड्राईव्ह काढता-लावता येतो पण पहिल्यांदा लावताना नेटवर जावंच लागतं. पुढच्या मशीनला पण वेगळाच ड्राईव्ह असणार असं बोलायलेत. तसं झालं तर किमतीत तो ड्राईव्ह धरा आणि मग आकडा छापा, कारण खेड्यातल्या पोराला बिनड्राईव्हचं मशीन म्हणजे बैल आहे पण जू नाही असं होतं. गेम न्यायची कशी?

अजून एक, उन्हाचं. पीएस५ च्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे की मशीन ५ ते ३५ डिग्रीमध्ये वापरा. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी ४२-४३ असतं, वर पत्रा. मी दुपारी १ ते ४ पार्लर बंद ठेवतो, गिऱ्हाईक असतं तरी, कारण फॅनचा आवाज वाढत वाढत जातो आणि मशीन गरम झाल्याचा मेसेज टाकून बंद पडतं. कूलर लावला तर ओल आणि धूळ आत. खेळताना ते २०० वॅटच्या आसपास घेतं, माझा इन्व्हर्टर तीन मशीन आणि तीन टीव्ही अर्धा तास पण धरत नाही. म्हणून नवीन मशीन कमी वीज खाणार अशी जी एक कुजबुज आहे ना, ती आमच्यासाठी टेराफ्लॉपच्या आकड्यापेक्षा मोठी आहे. त्याच्यावर तुमच्या बातमीत एक शब्द नव्हता.

तर विनंती एवढीच की अशी बातमी परत छापाल तेव्हा अंदाज असं वर मोठं लिहा, किंमत ड्युटी आणि जीएसटी धरून काढा, भारतात येणार की नाही माहिती नसेल तर माहिती नाही असं लिहा, आणि डिस्क, वीज, गरमी याच्यावर चार ओळी जास्त द्या. मी तुमचा पेपर वीस वर्षांपासून घेतो. तशी बातमी आली की ते कात्रण मी काऊंटरच्या काचेखाली लावतो, पोरं येता-जाता वाचतील. सोमवारी पान घेऊन आलेल्या त्या दोघांपैकी एकाला सध्या थांबवलंय मी, त्याचा जुना पीएस४ विकू नको म्हणून. दुसऱ्यानं कालच ओएलएक्सवर टाकला.

आपला,
एक वाचक आणि गेम पार्लरवाला, परभणी