पांडुरंग खोडण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

बाळाच्या नावांची यादी मिळाली. बावीस नावं आहेत आणि पांडुरंगवर फुली मारून शेजारी लिहिलंयस, "पांडू म्हणतील". म्हणतील, खरं आहे. हवालदाराला पांडू म्हणायची सवय मुंबईला आहेच आणि १९७५ च्या 'पांडू हवालदार' चित्रपटाने ती पक्की केली. पण साने गुरुजी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. १९६३ साली भारतरत्न मिळालेले काणे, तेही पांडुरंगच. पांडुरंग ऐकून कुणी हसत नाही, हसतात ते पांडूला. म्हणून नाव तपासताना आधी त्याची हाक तपासायची.

मराठीत नाव तोडायची रीत ठरलेली आहे. पहिली एक-दोन अक्षरं घ्यायची आणि 'या' लावायचा. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या. अभिजित, अभिषेक, अभिनव हे तिघे एका वर्गात आले तर तिघेही अभ्या. म्हणजे नावाचा शेवट कितीही हौसेने निवडला तरी मित्रांच्या तोंडी पहिला तुकडाच राहतो. यादीतली सगळी नावं अशी तोडून मोठ्याने म्हणून बघ. तुमच्या पहिल्या पसंतीच्या शिवांशचा काय होतो ते ऐक: शिव्या! त्यापेक्षा पांडू कितीतरी बरा.

दुसरी गोष्ट वयाची. सुरेश, रमेश, दिलीप म्हटलं की पेन्शनवाले काका डोळ्यांसमोर येतात, सचिन, संदीप, अमोल म्हटलं की चाळिशी-पन्नाशीचा माणूस. त्या-त्या काळी ही नावं नवीकोरीच होती. आरव आणि विहान आज जितके ताजे वाटतात तितकेच ते पुढे एका पिढीचा शिक्का होऊन बसतील. शिवाय वर्गात तीन अथर्व असले की बाई आडनावाने हाक मारतात आणि जपून निवडलेलं नाव घरापुरतं उरतं. पणजोबांच्या पिढीतलं नाव या फेऱ्यातून सुटलेलं असतं.

"गावंढळ वाटतं" हा शेरा तू दोन नावांवर मारलायस, त्याचं मला वाईट वाटलं. मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून आया पोटच्या पोराला दगडू, धोंडू, केरू म्हणत. दगड, धोंडा, केर. असल्या वस्तूकडे यम कशाला बघेल, एवढीच आशा. महर्षी कर्वे धोंडोच होते. नथूही त्यातलंच, नाक टोचून मुलाला मुलीसारखं वाढवायचं. १९४८ नंतर मात्र नथुराम म्हटलं की एकच माणूस आठवतो. आणि मुंबईत घरगड्याला सरसकट रामा म्हणत, त्याचं खरं नाव काहीही असो. या हसण्यात गरिबीला आणि जातीला हसणं मिसळलेलं आहे. बाळाचं नाव निवडताना आपण त्यात सामील होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता इंग्रजी स्पेलिंगचं बघ, कारण आयुष्यभराचा ताप तिथे आहे. आपण 'ऋ' रु म्हणतो, हिंदीवाले रि म्हणतात. त्यामुळे ऋषिकेश एका कागदावर आर-यू आणि दुसऱ्यावर आर-आय होतो. 'ज्ञ'चं तेच: आपलं डी-एन-वाय, त्यांचं जी-वाय. ज्ञानेश्वर इंग्रजीत अकरा अक्षरांचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे राज्याच्या कागदपत्रांत आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लागतं, तेव्हा फॉर्मचे चौकोन पुरवून वापरायला हवेत. पांडुरंग नऊ अक्षरांत बसतो, स्पेलिंगला फाटे फुटत नाहीत आणि विठ्ठलामुळे कर्नाटकातही ओळखीचा आहे.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव पुढे १२ महिन्यांत फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं बदलणं मात्र किचकट. म्हणून अर्ज देण्याआधी देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही रूपं मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि दाखला हातात आला की तिथेच खिडकीपाशी एकेक अक्षर जुळवून घ्या.

गुरुजींनी ण किंवा ठ असं अक्षर काढून दिलं तर अडून बसू नका. ते नावरस नाव पाळण्यात ठेवायचं, व्यवहाराचं वेगळं.

पांडुरंगवरची फुली सध्या पुसून टाक. बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत ठरवलंत तरी चालेल, आत्याला बाळाच्या कानात सांगायला तेवढा वेळ पुरतो.

तुझी,
आई